लालासाहेबांच्या दारातली पाठवणी

दात गेले की माणसाला भाकरी चावत नाही, एवढंच जगाला ठाऊक असतं. क्लॅरोनेटवाल्याचे दात गेले की त्याचं काय जातं, ते कुणाला सांगणार? लोकांना क्लॅरोनेट आणि जत्रेतली पिपाणी यांतला फरक कळत नाही, तिथं दाताचं दुखणं ऐकायला कोण बसलंय. ती काळी नळी वरच्या दातांनी दाबून धरायची, खालचा ओठ आत दुमडायचा, त्या ओठावर वेताची पातळ पत्ती टेकवायची आणि फुंकायचं. पत्ती थरथरली की सूर निघतो. दात हलला की वारं सुटतं आणि सुराच्या जागी चिरक निघते. आटपाडीजवळच्या एका गावात, वाजंत्र्यांच्या आळीत राहणाऱ्या जोतीराम जावीराचे वरचे दात दोन वर्षांमागं एकेक करून पडले, तेव्हा सारी आळी धरून चालली, की तात्याचं वाजवणं आता संपलं.

तात्यानं आटपाडीला जाऊन कवळी बसवून घेतली. पहिली लगीनसराई सुरळीत पार पडली तसा तो नारळ घेऊन दातांच्या डॉक्टरकडं गेला. "आवं डाक्टर, तुमी दात न्हाई, माझा सूर परत दिलासा," म्हणाला. डॉक्टर बिचारा खूश झाला. कवळी बसवल्यावर लोक तक्रार घेऊन येतात, नारळ घेऊन येणारा त्यानं पहिलाच पाहिला असणार.

सुराला तात्या एवढा का जपत होता, तेही सांगतो. त्याचा थोरला भाऊ बिराप्पा ट्रम्पेट वाजवायचा. छाती भरून वाजवायचा, वेशीपासून ऐकू यायचं. पुढं दम्यानं त्याची छाती खाल्ली, तरी गडी ट्रम्पेट सोडायला तयार नाही. कवठे महांकाळच्या एका लग्नात त्याचा सूर फाटला. नवरदेवाची दोस्तमंडळी त्याच्या मागं गाल फुगवून नक्कल करत नाचली, आणि यजमान चारचौघांत म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला खाली बसवा रं." बिराप्पा खाली बसला तो परत उठलाच नाही म्हणा. घराबाहेर पडायचं सोडलं, आणि पुढची दिवाळी काही त्यानं बघितली नाही. त्याचं ट्रम्पेट तात्यानं आपल्या घरात खुंटीला टांगलं, आणि त्याच्याखाली उभं राहून सगळ्या आळीदेखत बोलला, "ज्या दिवशी माझा सूर जाईल, त्याच दिवशी माझी क्लॅरोनेट बी हितंच लागंल. दुसरा दिवस बघायचा न्हाई."

बिराप्पाचा पोरगा नानासो तेव्हा त्याच लग्नात त्याच रांगेत ड्रम वाजवत होता. बापाचं हसं त्यानं डोळ्यानं पाहिलं होतं. बाप गेल्यावर तात्यानं आणि रंगूबाईनं त्याला आपल्या पोरासारखं सांभाळलं. तात्यानं त्याला रानात ओढ्याकाठी बसवून एकेक चाल घोटून घेतली. नानासोनं मात्र क्लॅरोनेट धरली नाही, कीबोर्ड धरला. आता बँड त्याच्याच नावावर होता. टेम्पोच्या मागच्या बाजूला जनरेटर, दोन मोठे भोंगे आणि त्यांच्या मधोमध नानासो आणि त्याचा कीबोर्ड. पुढं लाल कोट घातलेली माणसं चालणार, त्यांत सगळ्यांत पुढं तात्या. त्याच्या क्लॅरोनेटच्या तोंडाशी एक छोटा माईक अडकवलेला, आणि त्या माईकची वायर पार टेम्पोत गेलेली.

तात्या त्या कीबोर्डाला पेटी म्हणायचा. "पेटीत जगातली सगळी गाणी असतील, पर माझ्या बाची चाल न्हाई," असं पैज मारल्यासारखं म्हणायचा. ती चाल पाठवणीची होती. नवरी दारातनं निघाली की वाजवायची. तिला ना शब्द, ना नाव. घरात तिला नुसतं 'ती' म्हणत. पण अलीकडं पाठवणीला लोक पिक्चरची गाणी मागतात, त्यामुळं कित्येक वर्षांत 'ती' कुणी मागितली नव्हती. तात्याच्या स्वतःच्या लेकीलाही ती मिळाली नाही. वाजंत्र्यांच्या घरची लग्नं असतात बिनमुहूर्ताची. मुहूर्ताच्या दिवशी सगळे दुसऱ्याच्या दारात वाजवत असतात, मग आपली पोरगी उजवायची ती भाकड दिवशी. तिच्या पाठवणीला तात्यानं क्लॅरोनेट हातात घेतली होती, पण बापानं रडायचं का वाजवायचं? तो रडला. वाजवायचं राहून गेलं.

आणखी एक. तात्या घरात कधी वाजवत नसे. बापाचा दंडक होता. बिनकामाचं वाद्य दारात वाजवलं की दारात काम येतं, आणि कुठलं काम येईल ते आपल्या हातात नसतं. वाजंत्री लग्नालाही लागतात आणि मयतीलाही. पूर्वी तात्या सरावाला ओढ्याकाठी जायचा, पण गुडघे धरल्यापासून तेही बंद झालं. म्हणजे गेली दोन वर्षं तात्या वाजवत होता तो फक्त लग्नात, जनरेटरच्या घरघरीत आणि ड्रमच्या दणक्यात, भोंग्यांच्या पुढं हाताच्या अंतरावर उभा राहून. कानही मंद झाले होते. रंगूबाईला एक गोष्ट दोनदा सांगावी लागायची.

लग्नाहून परतला की रंगूबाई पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि विचारायची, "लागला का सूर?" चाळीस वर्षं तिचा हाच प्रश्न. जेवलासा का, दमलासा का, हे नंतर. तात्या म्हणायचा, "लागला." क्वचित म्हणायचा, "आज काय मजा न्हाई." गेल्या दोन वर्षांत मात्र तो रोज "लागला" म्हणत होता.

तर वैशाखातली गोष्ट. सुपारी होती कृष्णाकाठच्या एका गावची, लालासाहेबांच्या घरची. हे लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, नदीला लागून ऊस, दारात दोन ट्रॅक्टर. त्यांची एकुलती लेक राजनंदिनी हिचं लग्न, गोरज मुहूर्तावर. आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या वाजंत्र्यांची पोटं ह्या बागायती गावांवरच भरतात. पाणी तिकडं गेलं आणि वाजवणारे इकडं राहिले, देवानं वाटणीच अशी केली.

लालासाहेबांचं दार तात्याला नवं नव्हतं. तीस-एक वर्षांमागं त्यांच्या बहिणीच्या, मंगलच्या लग्नात तात्यानंच वाजवलं होतं. पाठवणीला 'ती' वाजवली तेव्हा अख्खं गाव हुंदके देत होतं, आणि लालासाहेब, तेव्हाचे तरणेबांड शिपाईगडी, गोठ्यात जाऊन रडले होते. मंगल पुढं फार जगली नाही. पहिल्या बाळंतपणातच गेली.

दुपार कलली तशी परण्या निघाली. नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, ती मिरवणूक. तात्यानं लाल कोटाची सोनेरी बटणं गळ्यापर्यंत लावली, टोपीवरचा तुरा झटकला आणि सुरुवात केली. मागनं भोंग्यांतनं सूर असा गोड आणि गोल येत होता, की तात्यालाच मनोमन हसू फुटलं. नवरदेवाच्या एका मामानं जवळ येऊन म्हटलं, "काय वाजवताय तात्या, तरण्या पोराला लाजवाल." तात्याची छाती आणखी वर आली. साठी उलटलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की आठ दिवस पुरतं.

अक्षता पडल्या. पंगती उठल्या. वाजंत्र्यांचं जेवण कधी, तर सगळ्यांत शेवटी, आणि कुठं, तर टेम्पोच्या आडोशाला. जिलेबी तोवर संपलेली असते. तुम्ही सूर लावा, आम्ही जिलेबी खातो, असा हिशेब असतो लोकांचा. तात्यानं कवळी काढून पाण्यानं खळबळली, परत बसवली आणि भात कालवला. तेवढ्यात खुद्द लालासाहेब टेम्पोकडं आले. सगळी माणसं उष्ट्या हातानं उभी राहिली.

"बसा, बसा. जेवा," लालासाहेब म्हणाले. मग तात्याकडं वळले. "जोतीराम, आमच्या मंगलच्या टायमाला ती चाल वाजवलीवतीस. आठवती का?"

"आवं, ती इसरून कसं चालंल," तात्या म्हणाला.

"आज राजनंदिनीला तीच वाजव. पर त्ये भोंगं बंद कर. तवा कुठं हुतं भोंगं? नुसतं तुझं वाजाप ऐकायचं हाय मला."

टेम्पोच्या फळीवर बसलेला नानासो खाली उतरला. "आबा, माईकवर असलं की जरा लांबवर जातंय," तो म्हणाला.

"लांब कशाला न्यायचं, गड्या? ती माझ्या दारातनं जाणार हाय," लालासाहेब म्हणाले, आणि तोंड फिरवून मांडवाकडं चालू लागले.

तात्याला भात गोड लागेना, एवढा आनंद झाला. पंचवीस वर्षं कुणी न मागितलेली चाल त्या माणसानं आपलं नाव घेऊन मागितली होती. तो हात धुवायला उठला तर नानासो मागोमाग आला.

"तात्या, नगो," नानासो हळू आवाजात म्हणाला. "दम लागलाय म्हनून सांगा. मी आबास्नी समजावतो."

"कुणाला दम लागलाय?"

"माईकवरच वाजवूया. माझं ऐका एवढं."

तात्याचं डोकं सणकलं. एवढी वर्षं ह्याला पोरासारखा वाढवला, आणि आज कुणी आपलं नाव घेतलं तर ह्याच्या पोटात दुखतंय, असं त्याला वाटलं. वाटलं ते बोलून टाकायची तात्याला खोड होती. "तुज्या पेटीबिगर बी माझं भागतंय, ह्ये लोकं बघतील म्हनून भ्यालास व्हय?" तो म्हणाला. आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढं म्हणाला, "दम तुज्या बाचा गेलाता, नानासो. माझा न्हाई."

नानासोच्या जागी दुसरा असता तर तिथंच सगळं सांगून मोकळा झाला असता. "बरं," एवढंच म्हणून तो टेम्पोत चढला.

पाठवणीची वेळ झाली. राजनंदिनीची ओटी भरून झाली, बायकांच्या गळ्यात पडून झालं, आणि ती बापाचा हात धरून मांडवाच्या तोंडाशी आली. सजवलेली गाडी पुढं उभी. लालासाहेबांनी हात वर केला तसे ड्रम थांबले. बायकांच्या हुंदक्यांशिवाय कशाचा आवाज नाही. नानासोनं टेम्पो मांडवाला लागूनच उभा केला होता, आणि तात्या टेम्पोला पाठ करून पुढं झाला. क्लॅरोनेटवरचा माईक त्यानं सगळ्यांदेखत काढून बाजूच्याच्या हातात दिला. पत्ती जिभेनं ओली केली, डोळे मिटले, बापाचं नाव घेतलं आणि फुंकर घातली.

नुसतं वारं निघालं.

पत्ती वाळली असंल, तात्याला वाटलं. त्यानं परत ओली केली, कवळी घट्ट दाबली आणि जोर लावला. या खेपेला आवाज आला, घोगरा, फुटका, चालीच्या पहिल्या ओळीत अर्धाच चढला. तिथं वरची कवळी सटकली आणि एक चिरक निघाली. शिट्टी फाटावी तशी चिरक. वऱ्हाडातलं एक पोर खुदकन हसलं. त्याच्या आईनं त्याला चापट दिली, तसं आणखी दोघं हसले.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण बायकांचं रडणं थांबलं. ह्याच्यासारखं वाईट काही नाही. नवरी निघालेली, आणि सगळ्या बायका रडायचं सोडून एका म्हाताऱ्या वाजंत्र्याच्या तोंडाकडं बघतायत. राजनंदिनीही बघत होती. लालासाहेबांची मान खाली गेली होती. वऱ्हाडातनं कोणीतरी म्हणालं, "पानी द्या त्यास्नी कुणीतरी." तात्याला ते शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण सूर ओळखीचा होता. असाच सूर कवठे महांकाळला बिराप्पासाठी निघाला होता. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

तरी त्यानं तिसऱ्यांदा क्लॅरोनेट तोंडाला लावली. आणि ह्या वेळी सूर लागला.

लागला म्हणजे काय, पहिल्या स्वरापासून लागला. हळू, भिजलेला. पहिली ओळ सरळ गेली, दुसरी वर चढली, आणि तिसऱ्या ओळीच्या आधी ती छोटीशी हरकत आली, जी बापाच्या चालीत नव्हती, जी तरुणपणी तात्यानं स्वतः घातली होती. त्याची बोटं चाव्यांवरनं धावत होती. बायकांनी परत पदर डोळ्याला लावले. राजनंदिनीनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. तात्याला वाटलं, बापानं लाज राखली.

चौथ्या ओळीआधी त्याचा दम संपला. त्यानं तोंडाची पकड ढिली केली आणि श्वास आत घेतला. तात्या श्वास घेत होता, आणि सूर चालूच होता.

त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं आणखी एक श्वास घेतला, मुद्दाम, लांब. सूर चालूच. पाठीमागनं, टेम्पोतनं, अगदी हळू आवाजात लावलेल्या भोंग्यातनं. ती चाल पेटीत होती, क्लॅरोनेटच्याच आवाजात. त्याच हरकतीसकट होती. ओढ्याकाठी त्यानं ज्या पोराला ती घोटून शिकवली होती, तो मागं बसून वाजवत होता.

मग परण्येतला तो गोड गोल सूर आठवला. त्याआधीच्या साऱ्या लग्नांतला सूर आठवला. डॉक्टरला दिलेला नारळ आठवला. दोन लगीनसराया मोरासारखी मान वर करून आपण गावोगाव मिरवलो, आणि तोंडात नळी धरलेलं बुजगावणं, याच्यापलीकडं आपण काही नव्हतो, हे त्याला उभ्या उभ्या समजलं.

तिथं क्लॅरोनेट तोंडातनं काढायला हवी होती. शब्द दिला होता ना, त्याच दिवशी खुंटीला म्हणून? पण क्लॅरोनेट काढली असती, तर सूर हवेत तसाच वाजत राहिला असता आणि साऱ्या मांडवाला कळलं असतं. बायकांचं रडणं परत थांबलं असतं. तात्यानं काढली नाही. त्यानं पत्तीवरचा ओठ सोडला, गाल हलके फुगवले आणि बोटं हलवत राहिला. दोन वर्षं जे नकळत केलं होतं, ते आज पहिल्यांदा कळून केलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत केलं. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारा किती जीव ओतून वाजवतोय.

लालासाहेब डोळे पुसत आले. ज्याची एकुलती लेक निघाली, तो सूर कुठल्या भोंग्यातनं येतो ते कशाला बघतोय. त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून तात्याच्या खांद्यावर घातली.

"सुरवातीला अडखाळलास," ते म्हणाले. "पर मागनं लागला बघ. मंगलच्या वक्ताला लागलाता, अगदी तसाच."

तात्यानं वाकून नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर तात्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसला नाही, मागं फळीवर नानासोजवळ बसला. बाकीची माणसं ड्रमला टेकून झोपली होती. विटा गाव मागं पडलं.

"कवापासनं?" तात्यानं विचारलं.

नानासोनं मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "कवळी बसवल्यापासनं."

"पयल्या दिवसापासनं?"

"पयल्या दिवशी माईक चालू हुता, तात्या. तुमी वाजवलंसा आन पोरं हसली. भोंग्यापुढं तुमाला ऐकू गेलं न्हाई. दुसऱ्या गाण्याला मी वायर काढली. मला आमच्या बाचं आठवलं."

"सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर तुमी त्याच दिवशी टांगली असती. मग काय केलं असतंसा? दिवसभर खुंटीकडं बघत बसला असतासा?"

तात्याला जास्तच राग आला. शत्रूनं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. हितं तर पोटच्यासारख्या पोरानं त्याची कीव केली होती, तीही दोन वर्षं, रोज, न चुकता. ह्यापेक्षा कवठे महांकाळच्या पोरांनी नक्कल केलेली परवडली, असं त्याला त्या घडीला मनापासून वाटलं.

"मी माझं काय वाजवत न्हाई, तात्या," नानासो म्हणाला. "तुमीच शिकवलंय. सगळं तुमचंच हाय त्यात."

"माझं हाय म्हनूनच तर मला वळखू आलं न्हाई," तात्या म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुज्या काकीला ठावं हाय?"

नानासोनं मान फिरवली. म्हणजे ठाऊक होतं.

घरी रंगूबाई जागीच होती. तिनं तांब्या पुढं केला, खांद्यावरची शाल पाहिली आणि नेहमीसारखं विचारलं, "लागला का सूर?"

दोन वर्षं ही बाई सगळं ठाऊक असून रोज हेच विचारत आली होती, आणि तो रोज छाती काढून उत्तर देत आला होता. क्लॅरोनेट दगडावर आपटावी, हिच्यावर ओरडावं, सगळी आळी जागी करावी, असं त्याच्या मनात आलं. पण हिच्या तोंडावर ते कपट कुठं दिसत नव्हतं. हातात तांब्या होता आणि डोळ्यांत काळजी होती.

"लागला," तात्या म्हणाला, आणि पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशीची सुपारी कवठे महांकाळची होती. योग बघा. तात्या पहाटेपासनं बिराप्पाच्या ट्रम्पेटखाली बसून होता. शेजारची खुंटी मोकळीच होती. दिलेला शब्द पाळायचा तर हात वर करायचा, एवढंच काम. पण मग आळीत सगळे विचारणार, का सोडलंस, काय झालं लालासाहेबांच्या दारात. उद्या कुठं मुहूर्त असला की टेम्पो निघून जाणार, आणि आपण दारात बसून लांबनं येणारा ड्रम ऐकणार. आणि त्या ड्रमवर आपलाच सूर वाजणार, आपल्यावाचून. तात्याला ते सोसलं नसतं. बिराप्पा बरा, त्याला काय ते एकदाच कळलं आणि तो मोकळा झाला.

आळीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. नानासो घरात बोलवायला आला नाही. तात्या येणार नाही असंच त्यानं धरलं असावं.

तात्या उठला. लाल कोट घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली. मग क्लॅरोनेटचा डबा उघडला. पत्ती बांधलेली पट्टी सैल केली, पत्ती काढून हातात घेतली. कडेला थोडी झिजलेली होती, पण चांगली होती. रंगूबाई चुलीपुढं चहाचं आधण ठेवून बसली होती. तिच्या खांद्यावरनं हात लांबवून तात्यानं पत्ती जाळात टाकली. वेतच तो, लगेच पेटला.

रंगूबाईनं वर बघितलं. चाळीस वर्षांचा संसार होता, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तात्या बिनपत्तीची क्लॅरोनेट घेऊन टेम्पोकडं गेला.

त्या दिवशी कवठे महांकाळला लोक म्हणाले, म्हातारा लय गोड वाजवतो.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा रंगूबाईनं तांब्या पुढं केला. जेवलासा का, म्हणाली. दमलासा का, म्हणाली. सूर लागला का, हे तिनं विचारलं नाही.